पुस्तकाचा चौथा वाटा

नुकुनोनू,
१२ मार्च १९८७

प्रिय तेलेसियाआत्या,

मी लेपेका. तुझ्या चुलतभावाची, मिकाएलेची धाकटी मुलगी. तू इथून गेलीस तेव्हा मी पाच वर्षांची होते. आठवत असेन तर नाक वाहणारी म्हणूनच आठवत असेन. आता मी इथे बेटावरच्या शाळेत वरच्या वर्गाला शिकवते. वर्गात नऊ मुलं आहेत, पंधरा-सोळा वर्षांची.

काम आहे म्हणून लिहिते आहे, ते आधीच सांगते.

ऑगस्टच्या बोटीने आपियाहून शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत. ते प्रत्येक मुलाला न वाचलेलं एक पान वाचायला देतील आणि विचारतील, काय वाचलंस ते सांग. सांगता आलं नाही तर वरचा वर्ग बंद होईल. मग नऊही मुलांना आपियाला जावं लागेल, परक्यांच्या घरी राहून शिकायला. माझ्या वेळी आम्ही सहा जण गेलो होतो. परत आले दोघे.

वाचता त्यांना येतं. रविवारी चर्चमध्ये वाचतात तसं वाचतात, खणखणीत, न अडखळता. पण अर्थ विचारला की जमिनीकडे बघतात. मोठ्यांसमोर बोलू नये हे त्यांना घरी शिकवलं आहे आणि ते नीट शिकले आहेत. काल एक धडा वाचून झाल्यावर पेलेनाटोला मी विचारलं, "त्या माणसाने दार का लावून घेतलं?" तो म्हणाला, "बाई, दार त्याचंच आहे ना."

शाळेत पाठ्यपुस्तकं आहेत. गोष्टीचं पुस्तक एकही नाही. यांनी पुस्तक उघडलं ते अभ्यासासाठी नाहीतर प्रार्थनेसाठी. पुढे काय झालं हे कळावं म्हणून कुणी पान उलटलेलं मी पाहिलं नाही. ती गोडी लागली तर तोंडं उघडतील असं मला वाटतं. खात्री नाही.

तू तिकडे शाळेच्या ग्रंथालयात काम करतेस असं कळलं. टाकून दिलेली पुस्तकं असली तरी चालतील.

तुझी,
लेपेका


पोरिरुआ,
२० एप्रिल १९८७

लेपेका,

नाक वाहणारी लेपेका मला चांगली आठवते. माझ्या नव्या चटईवर तू नारळाचं दूध सांडलं होतंस आणि आरोप मांजरीवर केला होतास. मांजर त्या दिवशी आमच्याकडे नव्हतीच.

मी ग्रंथालयात काम करते म्हणजे पुस्तकांना कव्हरं घालते आणि फाटलेली चिकटवते. एकोणीस वर्षं झाली. वाचायची सवय तिथेच लागली. पान चिकटवून ते वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून.

अठ्ठावन्न पुस्तकं पाठवते आहे. बोटीवर खोकी हरवतात असं ऐकलं, म्हणून खोक्यावर गावाचं नाव चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. आता तीन गोष्टी कर. एक फळीचं कपाट करून घे, जमिनीपासून उंच. एक वही घाल, कोणी कोणतं पुस्तक नेलं ते लिहायला. आणि ओल्या हातांनी कुणाला पुस्तक धरू देऊ नकोस.

सगळ्यात जाड पुस्तक माझं स्वतःचं आहे. पहिल्या पानावर माझं नाव आहे. समुद्रापासून तीनशे मैल आत, मेंढ्यांच्या गावात एक सुतार होडी बांधायला घेतो, त्याची गोष्ट आहे. तुझ्या मुलांना होडीतलं कळतं, त्यांना हे जमेल. मी ते शेवटपर्यंत वाचलेलं नाही. ते असो.

एक विनंती आहे. ही पुस्तकं मी पाठवली हे फालानिकोदादाला कळू देऊ नकोस. मी बोटीत चढले त्या दिवशी माझा सख्खा भाऊ किनाऱ्यावर आला नव्हता. घरात आलेली मासळी बहिणीने वाटायची ही आपली रीत, आणि मी ते काम टाकून नवऱ्याबरोबर, पेतेलोबरोबर, निघाले होते. एकवीस वर्षांत त्याचा एक शब्द नाही. आता या वयात त्याचा राग नव्याने अंगावर घ्यायची मला ताकद नाही. पेतेलो जाऊनही अजून वर्ष झालं नाही.

कपाट झालं की फोटो पाठव.

तेलेसियाआत्या


नुकुनोनू,
२ जून १९८७

प्रिय आत्या,

खोकं सुखरूप पोचलं. एकही पुस्तक भिजलेलं नाही. सगळ्या गावाला आनंद झाला, अगदी सगळ्या.

कपाट केलं आहे. खोक्याच्याच फळ्यांचं, जमिनीपासून उंच. वही घातली आहे. फोटो काढणारा माणूस सध्या पलीकडच्या बेटावर आहे.

एकही पुस्तक पडून राहिलेलं नाही एवढं खात्रीने सांगते.

तुझ्याकडे पुस्तक शिवायचा जाड दोरा आणि मोठी सुई असेल तर पाठवशील का? आणि थोडा डिंक. विशेष काही नाही, जवळ असावं म्हणून.

साहेब यायला आता तीन महिनेही नाहीत. मुलं अजून जमिनीकडेच बघतात.

तुझी,
लेपेका


पोरिरुआ,
२८ जून १९८७

लेपेका,

दोरा, सुई आणि डिंक सोबत आहे. वाळवी लागली का? खरं सांग. तू लहानपणीही थापा मारायला लागलीस की "विशेष काही नाही" म्हणायचीस.

पुस्तकं पडून नाहीत हे वाचून बरं वाटलं. म्हणजे मुलं कपाटापाशी गर्दी करत असतील. मला ते डोळ्यांसमोर दिसतं. दुपारी काम करताना मी तोच विचार करते. वेळ बरा जातो.

ते जाड पुस्तक कुणी नेलं का? मी अर्धवट का सोडलं ते तुला सांगितलं नाही. पेतेलो दवाखान्यात होता तेव्हा मी त्याला ते रोज वाचून दाखवायची. त्याला इंग्रजी फार येत नव्हतं, मी आपल्या भाषेत सांगायची. तो मध्येच म्हणायचा, "खिळे मारतोय? सुंभाने बांध म्हणावं." सुताराची गाडी होडी घेऊन समुद्राकडे निघते, तिथे आम्ही एका मंगळवारी थांबलो. पानाचा कोपरा दुमडून ठेवला. बुधवारी मला जाऊ दिलं नाही.

नंतर पुढचं पान उघडवेना. घरात ठेववेना आणि फेकवेना, म्हणून तुझ्याकडे पाठवलं.

मुलांनी ते वाचलं तर मला कळव, पण शेवट लिहू नकोस.

तेलेसियाआत्या


नुकुनोनू,
२५ जुलै १९८७

प्रिय आत्या,

हे पत्र बसून वाच.

वाळवी लागलेली नाही. कपाट आहे, पण त्यात एकही पुस्तक नाही. सध्या त्यात शाळेमागची कोंबडी बसते.

तू खोक्यावर गावाचं नाव लिहिलंस, चारी बाजूंनी. तू इतकी वर्षं बाहेर राहिलीस आणि विसरलीस. गावाच्या नावाने जे येतं त्याचं इथे काय होतं? बोटीवरून खोकं उतरवलं ते थेट किनाऱ्यावरच्या वाटपाच्या जागी. मी शाळेतून धावत पोचले तोवर चटया पसरल्या होत्या आणि पुस्तकं मासळीसारखी ओळीने मांडली होती. घरं एकसष्ट, पुस्तकं अठ्ठावन्न. गावचे प्रमुख लोमानोकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. तीन घरं उपाशी राहणार, हे काही त्यांना चालणार नव्हतं.

त्यांनी सगळ्यात जाड पुस्तक उचललं.

मी ओरडले, "काका, पुस्तक कापत नाहीत!"

ते म्हणाले, "कुपा मासा तरी कुठे आपणहून कापला जातो?"

"पण अर्धी गोष्ट घेऊन माणसाने काय करायचं?"

"ज्याला डोकं मिळतं तो शेपटीवाल्याच्या दारात रडत जातो का? अख्खा मासा बघायची हौस असेल त्याने चार घरं फिरावीत. सरक बाई, उन्हात आहेस."

मासे कापायच्या सुरीने त्यांनी त्याचे चार भाग केले. एक सांगायला हवं, फार नीट कापलं. एकही पान फाटलं नाही. मग नेहमीसारखं घरांची नावं पुकारली आणि प्रत्येक घरातलं पोर धावत येऊन आपला वाटा घेऊन गेलं. म्हाताऱ्या सकालियाला गुरांच्या रोगांवरचं पुस्तक मिळालं. तिने गाय फक्त चित्रात बघितली आहे, पण ते पुस्तक ती उशाशी घेऊन झोपते. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं परत मागायला गेले तर वडीलधाऱ्यांच्या सभेने ठरवून टाकलं होतं: वाटा ज्याच्या घरात गेला त्याच्या घरातून बाहेर काढायचा नाही. वाचायचं असेल त्याने तिथे जाऊन वाचावं.

मी तुला लिहिणार होते. तीनदा लिहायला बसले. तू कपाटाची वाट बघत होतीस.

आता पुढचं ऐक. पुस्तक ज्याच्या घरात तो मालक. मुलं वाचायला गेली की मालक म्हणणार, माझं पुस्तक आहे तर मलाही कळू दे, मोठ्याने वाच. मुलं मोठ्याने इंग्रजीत वाचत. मग मालक विचारणार, काय म्हणतंय ते? आणि मुलं जमिनीकडे बघत. महिनाभर हेच चाललं. मला वाटलं, संपलं सगळं.

तुझ्या पुस्तकाचा चौथा वाटा फालानिकोकाकांकडे गेला आहे. मी काही केलेलं नाही, नावं पुकारताना तसं आलं. काकांना आता जवळजवळ दिसत नाही. होड्या बांधणं सुटलं. दारात बसतात आणि लाकूड तासायच्या वाकसाची धार बोटाने तपासतात.

जूनच्या शेवटी एके दुपारी माझ्या वर्गातली दोन मुलं, हाकाई आणि लुसिया, तिथून जात होती. मी मागे होते, म्हणून सगळं ऐकलं. काकांनी हाक मारली, "कोण आहे रे? सगळ्यांचे वाटे वाचता, माझ्याच वाट्याला काय कीड लागलीय?"

हाकाई आत गेला आणि वाचू लागला. वाटा वाक्याच्या मधूनच सुरू होत होता. एक पान झाल्यावर काका म्हणाले, "थांब. हे काय चाललंय?"

"चाक निखळलं, आजोबा."

"कसलं चाक?"

"गाडीचं."

"गाडीत काय आहे?"

हाकाई गप्प. काका म्हणाले, "अरे, तुला विचारतोय! मोठ्याने विचारलं की मुकाट बसायचं हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, आजोबा."

लुसियाला हसू आवरेना. काकांनाही. मग ते म्हणाले, "बरं. तर आता मीच सांगतो, बोलायचं. माझ्याकडे शेपटी आहे. डोकं कुठे आहे ते शोधा, वाचून या, आणि मला सुरुवातीपासून सांगा. नीट सांगितलं नाहीत तर पुन्हा वाचायला पाठवीन."

आत्या, मी चार महिने जे विनवण्या करून मागत होते ते त्यांनी हुकूम म्हणून दिलं. हुकूम पाळायला मुलांना येतं. रोज दुपारी नऊही जण त्या दारात असतात. पहिला वाटा लोमानोकाकांच्या बहिणीकडे, दुसरा सकालियाच्या शेजारी, तिसरा चर्चच्या मागच्या घरात. मुलं आधी तिथे जाऊन वाचतात, मग काकांना सांगतात. आणि भांडतात! पेलेनाटो म्हणतो, बाजूला उलांडीचा ओंडका नसलेली होडी उलटणारच, लिहिणाऱ्याला काही कळत नाही. हाकाई म्हणतो, मोठ्या होडीला उलांडी नसते, तू कधी बघितलीस मोठी होडी? पेलेनाटो उलट विचारतो, "बोट येते ती काय आहे मग, तुझी आजी?" काका मध्ये पडतात: "लाकूड कुठलं आहे ते सांगितलंय का? नाही? जा, बघून या." लाकूड कुठलं ते बघायला तीन मुलं गावभर पळत गेलेली मी पाहिली. सुताराची बायको समुद्र न बघताच मरते तिथे लुसिया उठून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी तीच आली, पुढचं ऐकायला.

आता तुझी विनंती. पहिल्याच दिवशी काका म्हणाले होते, "सुरुवातीपासून म्हणजे सुरुवातीपासून. पहिल्या पानावर काय आहे?"

लुसिया वाचून आली होती. म्हणाली, "एक नाव लिहिलंय, शाईने."

"कुणाचं?"

"तेलेसिया."

मी दारातच होते, पण तिला थांबवू शकले नाही. काकांनी हातातला वाकस खाली ठेवला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग ते म्हणाले, "पुढे."

त्यानंतर तुझं नाव त्यांनी काढलेलं नाही. मीही काढलं नाही.

दोरा मी वापरणार नाही. आता शिवून काय करू? शिवलं तर एकाच घरात जाईल.

मला माफ कर.

लेपेका


पोरिरुआ,
२० ऑगस्ट १९८७

लेपेका,

एकोणीस वर्षं मी फाटलेली पुस्तकं चिकटवते आहे, आणि माझं स्वतःचं सुरीने कापलं गेलं. पत्र वाचून मी आधी हसले. शेजारीण विचारायला आली.

पुस्तकाचं मला काही वाटलं नाही. खोक्यावर मीच लिहिलं. मी खरंच विसरले होते.

पण तो "पुढे" म्हणाला, ते कसं म्हणाला? रागाने? माझ्या नावाचं पान त्याने काढून टाकायला सांगितलं का? तू दारात होतीस. तुला आवाज कळला असेल.

साहेब येऊन गेले असतील. तेही लिही. पण आधी हे लिही.

आत्या


नुकुनोनू,
१९ सप्टेंबर १९८७

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तरी मी साहेबांचं आधी लिहिते. दुसरं लिहायला मला जास्त जागा लागेल.

साहेब तीस ऑगस्टला आले. त्यांचं नाव इओसेफो, बोलणं कमी. ग्रंथालय कुठे आहे असं विचारलं. मी कपाट दाखवलं. त्यात कोंबडी होती, आणि त्या दिवशी तिने अंडंही घातलं होतं. साहेबांनी अंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग एकेका मुलाला पान दिलं. वाचा इंग्रजीत, सांगा कुठल्याही भाषेत. पेलेनाटोचं पान असं होतं: एक बाई आगगाडीच्या फलाटावर उभी आहे, गाडी आली आहे, ती पिशवी उघडून बघते आणि बंद करते, असं तीनदा. आमच्यातल्या कुणीच आगगाडी बघितलेली नाही. पेलेनाटोने खणखणीत वाचलं. मग साहेब म्हणाले, "काय वाचलंस?"

तो जमिनीकडे बघू लागला. मी मनात प्रार्थना सुरू केली. मग तो म्हणाला, "ती जाणार नाही, सर."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण तिने पिशवी तीनदा उघडली. ज्याला जायचं असतं तो पिशवी एकदाच बांधतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पेलेनाटो म्हणाला, "पुढचं पान कुणाच्या घरी आहे?"

आत्या, नऊपैकी आठ जण बोलले. हाकाई इतका बोलला की साहेबांना त्याला थांबवावं लागलं. नववी मालिया. ती रडली, पण रडत रडत पान सांगितलं. नंतर साहेबांना त्या घरांमधून फिरायचं होतं. सकालियाने त्यांना तास घालवून गाईचे रोग सांगितले आणि नीरफणस खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी बोटीत चढताना ते म्हणाले, "वर्ग राहील. कोंबडीला मात्र दुसरी जागा बघा."

मी शाळेच्या मागे जाऊन बसले. मुलं आधी मला शोधत होती आणि मग शोधायची थांबली. दुपार झाली होती आणि त्यांना काकांकडे जायचं होतं.

आता काका.

तुझं पत्र आलं आणि मी ठरवलं की लपवाछपवी पुरे. त्यांच्याकडे गेले आणि तुझं पत्र वाचून दाखवलं, "पुढे" वालं सगळं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "पान काढून टाकायला? ते तिच्या नावाचं पान आहे. ती काय मला खुळा समजते?"

मी म्हटलं, "काका, आत्याला वाटतं तुम्ही रागावलेले आहात. तुम्ही किनाऱ्यावर आला नाहीत."

"मी बेटाच्या आतल्या पाण्यापलीकडे झाड तोडायला गेलो होतो."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. बहिणीसमोर पुरुषाने रडायचं का? लोक काय म्हणतील? झाडाला काही वाटत नाही."

"मग पत्र का नाही पाठवलंत?"

"मला लिहिता येत नाही. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे बहिणीशी बोलायचं ते चारचौघांत बोलायचं. आता तू ऐकते आहेसच, म्हणून बोलतो." मग म्हणाले, "एकवीस वर्षं मासळी आली की मी पहिला वाटा तिचा काढतो. कुणालाही विचार. बाजूला ठेवतो. पण मासळी बोटीवर टिकत नाही, म्हणून शेजारी द्यावी लागते. शेजाऱ्यांचं वजन बघ किती वाढलंय."

खरंच, आत्या. शेजारच्या घरातले सगळे लठ्ठ आहेत. आम्हाला वाटायचं त्यांच्या रक्तात आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना हुकूम केला: माझा वाटा वह्यांत उतरवून काढा. ब्याऐंशी पानं. नऊ जणांनी नऊ वह्यांत वाटून घेतली. मालियाचं अक्षर सुंदर आहे, हाकाईचं कुणालाच वाचता येत नाही. उतरवताना लुसियाला एका पानाचा कोपरा दुमडलेला दिसला. ती सरळ करायला गेली. काकांनी विचारलं, "काय करतेस?" तिने सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे. ती तिथपर्यंत आली होती."

त्यांना हे कसं कळलं, मला माहीत नाही. मी त्यांना पेतेलोकाकांचं काही सांगितलेलं नाही.

सोबतच्या पुडक्यात त्यांनी मूळ चौथा वाटा पाठवला आहे; वह्या इथे राहतात, म्हणून सभेने हरकत घेतली नाही. पुडकं केवड्याच्या पानात गुंडाळलंय आणि सुंभाने त्यांनी स्वतः बांधलंय, त्यामुळे सोडवायला तुला अर्धा दिवस लागेल. निरोप असा आहे, शब्दाला शब्द: "हा वाटा टिकतो, म्हणून पाठवतो. होडीत पाणी शिरेल तिथे घाबरून थांबू नकोस. पुढे वाच."

शेवट मी लिहिलेला नाही.

तुझी,
लेपेका


पोरिरुआ,
१४ ऑक्टोबर १९८७

फालानिकोदादा,

हे पत्र तुला हाकाईने वाचून दाखवावं, म्हणजे चारचौघांत होईल. होऊ दे.

सुंभ सोडवायला अर्धा दिवस नाही, दोन तास लागले. तुझ्या गाठी मला अजून येतात. कापला नाही, गुंडाळून ठेवला आहे.

तुझा वाटा मी मोठ्याने वाचला. स्वयंपाकघरात, पेतेलोच्या खुर्चीसमोर. इंग्रजीतून आपल्या भाषेत, जशी त्याला सांगायची तशी. दुमडलेल्या कोपऱ्यापर्यंत आवाज नीट राहिला. मग चाक निखळलं, ते दुरुस्त झालं, ते लोक एकदाचे समुद्राकाठी पोचले. होडी पाण्यात ढकलली आणि फळ्याफळ्यांतून पाणी आत आलं. काठापर्यंत भरली. लोक हसले आणि घरी गेले. तिथे मी पुस्तक मिटणार होते, दादा. हात ठेवलाच होता. तुझा निरोप होता म्हणून पुढे वाचलं.

तीन दिवस सुतार काठावर बसून राहतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. चौथ्या दिवशी तो पाणी उपसतो आणि ती वर येते.

तुला हे आधीच ठाऊक असणार. सुक्या लाकडाची होडी पहिल्यांदा पाणी घेणारच, हे तू मला मी आठ वर्षांची असताना सांगितलं होतंस. आपल्या दारात. मी घाबरून रडत होते, आणि तू म्हणालास, बस इथे, वाट बघ. एवढंही मी विसरले होते.

लेपेकाला सांग, वर्ग राहिला हे वाचून मी दोनदा खुर्चीतून उठले आणि दोनदा बसले. पेलेनाटोला सांग, ती बाई गाडीत चढली की नाही हे मला माहीत नाही, पण त्याचं म्हणणं बरोबर वाटतं. मी पिशवी एकदाच बांधली आहे.

डिसेंबरच्या बोटीने येते. चौथा वाटा बरोबर आणते. दोरा, सुई आणि डिंक लेपेकाकडे आहेच, पण पुस्तक शिवायचं नाही. लोमानोने नीट कापलं आहे, तसंच राहू दे. माझ्या घराचा वाटा म्हणून तो पुन्हा तुझ्याच दारात ठेवते.

आणि मासळी आल्यावर आपल्या घरात सध्या जी कुणी वाटायला बसते, तिला आताच सांगून ठेव. म्हणावं, थोडी सरक.

तुझी,
तेलेसिया